डायचा खर्च कुणी सोसायचा?

संशोधनासाठी केंद्र सरकारच्या एक लाख कोटींच्या निधीचा शुभारंभ 3 नोव्हेंबर 2025 रोजी झाला. आता वाहन उद्योगात पुरवठादारांसोबतच्या ‘संयुक्त संशोधना’ची भाषणे रंगतील. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हवे : सुटे भाग घडवणाऱ्या साच्याचा, म्हणजे डायचा खर्च कुणी सोसायचा?

शीळफाट्यावरून महापे, तळोजा किंवा डोंबिवली एमआयडीसीकडे वळा आणि जॉबवर्कच्या एखाद्या गाळ्यात डोकवा. नव्या भागाचे ड्रॉइंग येते. गाळेवाला पोलादाचा ठोकळा आणतो, वायरकट करून घेतो, हीट ट्रीटमेंटला पाठवतो, सॅम्पल काढतो. तोवर ड्रॉइंग बदलते, भोक दोन मिलिमीटर सरकते. डाय पुन्हा कापायची. पैसे नगामागे वसूल करायचे, पण नग किती लागतील हे कुणी लिहून देत नाही. भाग चालला तर दरवर्षी दर उतरवण्याचा तगादा. मॉडेलच बंद पडले तर डाय भंगारात. चाचणीत कारागिराने सुचवलेली सुधारणा कंपनीच्या ड्रॉइंगमध्ये जाते आणि तेच ड्रॉइंग दुसऱ्या व्हेंडरकडे कमी दराच्या कोटेशनसाठी फिरते. हे सहकार्य नव्हे, ही पिळवणूक आहे.

सरकारही बड्यांचेच पाहते. 2021 च्या 25,938 कोटींच्या वाहन प्रोत्साहन योजनेत सुटे भाग बनवणाऱ्याला अट होती समूहाच्या किमान 500 कोटी उलाढालीची. लघुउद्योगाची सरकारी व्याख्या तेव्हा 50 कोटींवर संपत होती, आज 100 कोटींवर संपते. म्हणजे दार आधीच बंद! 1 एप्रिल 2020 ला प्रदूषणाच्या बीएस-4 निकषांवरून थेट बीएस-6 वर उडी मारताना नवी टूल्स याच गाळेवाल्यांनी कर्ज काढून केली होती. लघुउद्योगांना 45 दिवसांत पैसे देण्याचा कायदा 2006 पासून आहे. पण मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, आणि सॅम्पलवर लेखी हरकत घेतली की ती लांबते.

याच शीळफाट्याहून निघणाऱ्या कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर मोटार कंपनीच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो 309 बनत होती. प्यूजोशी असलेली भागीदारी काही वर्षांत मोडली. आज त्या रस्त्यावर टॉवर उभे आहेत. उद्योग एकदा गेला की जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळते, टूलरूममधला कसलेला हात पुन्हा मिळत नाही.

म्हणून नव्या निधीतून कर्ज घेणाऱ्या प्रत्येक वाहन कंपनीवर अट घाला : डायचे निम्मे पैसे आगाऊ, ड्रॉइंग बदलले तर त्याचा खर्च कंपनीचा, आणि पुरवठादाराच्या सुधारणेवर त्याचा लेखी हक्क. ही अट मान्य नसलेल्या कंपनीला जनतेच्या पैशातला एक रुपयाही देऊ नये.