नालबंद आणि पखालजी

पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर जुन्या छंदाकडे परतू पाहणाऱ्या प्रौढ गृहस्थास सर्वांत आधी हवे असते ते निमित्त. कारण निष्कारण खेळण्याचा अधिकार आपल्या समाजाने केवळ मुलांना बहाल केलेला असून मोठ्यांचा तो अधिकार चाळिशी लागण्यापूर्वीच सरकारजमा होतो. नाशिकच्या आमच्या इंदिरानगरात, जेथे संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर भेटणारी माणसे एकमेकांकडे रक्तातील साखर आणि घराचे हप्ते यांखेरीज दुसऱ्या कशाचीही विचारपूस करीत नाहीत, तेथे दिवाळीचा किल्ला हे असे एक सर्वमान्य निमित्त आहे. पोरे माती कालवीत असतात, कोणी बुरुजाला दगड शोधीत असतो, कोणी उतारावर अळीव पेरीत असतो, आणि आपण ‘जरा मदत करतो’ असे म्हणून त्यांच्यात जाऊन बसलो तर त्याचा जाब कोणी मागत नाही. मीही यंदा असाच रुजू झालो.

वास्तविक माळ्यावरच्या पेटीत जे माझी वाट पाहत होते, ते दिवाळीतले मातीचे मावळे नव्हते. पटावरच्या युद्धखेळासाठी घडवलेले, धातूचे, तळव्यापासून डोळ्यांपर्यंत सुमारे 28 मिलीमीटर उंचीचे ते शिपाई होते. तरुणपणी हौसेने जमवलेले, काही अर्धवट रंगवलेले आणि बरेचसे कोरेच राहिलेले. बाटल्यांतले रंग दगड झाले होते, कुंचल्यांचे केस वाकले होते. ते सर्व नवे आणता आले. डोळे मात्र नवे आणता येत नाहीत, म्हणून चष्म्यावर भिंग आले. अस्तराचा पहिला हात दिला, तो वाळू दिला, त्यावर मूळ रंग चढवला, मग पाण्यासारखा पातळ केलेला काळपट तपकिरी रंग सोडला, तो आपोआप अंगरख्याच्या चुण्यांत आणि पगडीच्या पेचांत जाऊन बसला, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर उजेड ओढला. ही क्रिया बोटांना अजून अवगत होती, याचे मला समाधान वाटले. परंतु या लेखाचे प्रयोजन ते समाधान नव्हे.

प्रयोजन आहे ते रंगवणाऱ्यास पडणाऱ्या प्रश्नाचे. इतिहास वाचताना ‘दहा हजारांची फौज निघाली’ हे वाक्य आपण एका श्वासात ओलांडतो. त्या दहा हजारांच्या पायांत काय होते, असा प्रश्न वाक्य विचारीत नाही आणि वाचकही विचारीत नाही. कुंचला हातात घेतलेल्या माणसाला मात्र पायांपाशी थांबावेच लागते, कारण तेथे कोणता तरी रंग द्यायचा असतो. लहानपणी हा प्रश्न पडत नसे, कारण तेव्हा सर्व फेटे भगवे आणि सर्व घोडे पांढरे असत. आता पडतो, आणि खंडानंतर परतण्यात काही लाभ असेल तर तो एवढाच की, मधल्या काळात माणसाने काही वाचलेले असते आणि ते वाचन एकदम कामावर हजर होते.

उदाहरणार्थ, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेली बखर घ्या. बारगीर तो, ज्याचा घोडा सरकारचा. शिलेदार तो, ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. हा भेद आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पण रंगवायला बसल्यावर ध्यानात येते की हा भेद दिसण्याचाही आहे. शिलेदारांच्या पथकात ज्याची त्याची ऐपत ज्याच्या त्याच्या खोगिरावर दिसणार, तर पागेतल्या बारगिरांच्या सरंजामात निदान काही सारखेपणा असणार. फौज पावसाळ्यात छावणीस येई आणि दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरीवर बाहेर राही, असेही सभासद सांगतो. आठ महिने उन्हाधुळीत वावरलेला पांढरा अंगरखा शेवटी पांढरा कसा राहील? त्या काळी कापड रंगे ते वनस्पतींनी: कुसुंब्याचा लाल आणि हळदीचा पिवळा उन्हात लवकर उडतात, नीळ टिकते, आलीच्या मुळांचा तांबडाही बऱ्यापैकी टिकतो. म्हणजे दसऱ्याला एकाच दिवशी बांधलेले तीन फेटे होळीपर्यंत तीन निरनिराळ्या वयांचे दिसू लागणार. ज्या बाटलीवर ‘भगवा’ असे छापलेले असते, त्या एका बाटलीतून ही फौज रंगत नाही.

आणि याच बखरीत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद अशी नेमणूक सांगितली आहे. हा तपशील वाचून मी रस्त्यावर विक्रेत्यांनी मांडलेले किल्ल्यावरच्या मातीच्या चित्रांचे ढीग एकदा न्याहाळून पाहिले. तलवार उगारलेले मावळे शेकड्यांनी होते, सिंहासनाधिष्ठित महाराज सर्व आकारांत होते, तोफा होत्या, वाघसुद्धा होता. घोड्याच्या टापेवर वाकलेला नालबंद कोठेही नव्हता आणि पाण्याने फुगलेली पखाल वाहणारा पखालजीही नव्हता. विक्रेत्याचा यात दोष नाही. जे खपते ते तो ठेवतो. दोष असलाच तर तो फौज म्हणजे केवळ उगारलेल्या तलवारी अशी समजूत करून घेतलेल्या आपल्या कल्पनाशक्तीचा आहे. घोडदळाच्या वेगावर ज्या राज्याची सारी युद्धनीती उभी होती, त्या राज्यात नालेवाचून घोडा किती मजल मारील, याचा हिशेब ज्यांनी ठेवला ते कारकून आपल्यापेक्षा अधिक वास्तववादी होते.

युद्धाचा खेळ करणे मुळातच गैर नव्हे काय, अशी हरकत काही सज्जन घेतात. हरकत जुनी आहे. प्रशियाच्या लष्करात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी रूढ झाला, हे खरे; पण दिवाणखान्याच्या जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून, स्प्रिंगच्या तोफांनी ते पाडण्याचे नियम ज्याने 1913 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, त्या एच. जी. वेल्स यांनी त्याच पुस्तकात खऱ्या युद्धाच्या मूर्खपणावर कोरडे ओढले आहेत. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, ते काही त्या खेळण्यांमुळे नव्हे. उलट, ज्याने एकेका शिपायाच्या चेहऱ्यावर अर्धा तास घालवला आहे, त्याच्या तोंडून ‘माणसे कापून काढली’ हे शब्द तितक्या उत्साहाने निघत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आता थोडे आमच्या शहराविषयी. देवळालीच्या तोफखाना विद्यालयामुळे तोफ हा शब्द नाशिककरांस परका नाही. तरीही आमची मुले दरवर्षी रायगड, प्रतापगड आणि सिंहगड बांधतात. त्या किल्ल्यांचा मान निर्विवाद आहे. पण दिंडोरीच्या बाजूस, आशेवाडीच्या माथ्यावर, शहरातून सकाळी निघून दुपारच्या जेवणास परत येता येईल एवढ्या अंतरावर रामशेज उभा आहे. 1682 मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेवरून शहाबुद्दीनखानाने त्यास वेढा घातला आणि हा लहानसा किल्ला पुढे अनेक वर्षे मोगलांच्या हाती आला नाही. किल्ल्यात लोखंडी तोफ नव्हती, म्हणून आतल्या लोकांनी लाकडाचे ओंडके पोखरून त्यांच्या तोफा केल्या आणि त्या चामड्याच्या साहाय्याने डागल्या, असे खुद्द मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान लिहितो. पुढे आलेल्या बहादूरखानाने सोन्याचा नाग हाती दिलेल्या मांत्रिकास पुढे घातले आणि गोफणीच्या दगडाने तो मांत्रिक नागासह खाली पडला, ही हकीकतही त्याचीच. ती कितपत अक्षरशः घ्यावी हे विद्वानांनी ठरवावे. रंगवणाऱ्याला मात्र असा प्रसंग शोधूनही सापडायचा नाही. खालून लाकडी दमदमे उभारणारे मोगली सुतार, वर ओंडका पोखरणारे दुसरे सुतार, चामडे भिजवणारे हात, गोफण फिरवणारा कोणी पोरगा: या संपूर्ण देखाव्यात उगारलेली तलवार जवळजवळ नाहीच.

म्हणून किल्ले स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि सोसायट्यांना माझी एक अर्जी आहे. तयार साच्यातले किल्ले आणि तयार रंगवलेले संच आता सर्रास मिळतात, आणि परीक्षक रोषणाई, कारंजे आणि ध्वनिमुद्रित पोवाड्याला गुण देऊन मोकळे होतात. नियमपत्रकात एक कलम वाढवावे: किल्ल्यावरील किमान पाच माणसे मुलांनी किंवा त्यांच्या घरच्या मोठ्यांनी स्वतः रंगवलेली असावीत, आणि त्या प्रत्येकाचे काम काय, हे विचारल्यावर सांगता आले पाहिजे. कोरी चित्रे शाडूची करता येतात. पोस्टर रंगांचा डबा नाक्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. शून्य नंबरचा ब्रश तेवढा बरा घ्यावा, त्यात काटकसर करू नये. मोठ्यांचा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला आहे, कारण माळ्यावर पेट्या असलेले गृहस्थ या वसाहतीत मी एकटाच असेन असे मला वाटत नाही.

आमच्या आवारातल्या पोरांना मी नालबंदाची कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी प्रथम तो कोणाला मारतो, असे विचारले. कोणालाच नाही, असे कळल्यावर थोडी निराशा झाली. पण एकीने मातीचा घोडा आडवा धरून त्याच्या चारही टापा तपासल्या आणि नाल कोणत्या रंगाची असते, असा प्रश्न केला. लोखंडाची, म्हणून करडी. परंतु झिजलेली नाल कडांना चकाकते, तेव्हा करड्यावर चंदेरी रंगाचा अगदी पुसट हात द्यावा, असे मी सांगितले. पखालजीचे चामडे कसे साधावे, याविषयी आमच्यात अद्याप मतभेद आहेत: तिला ते कोरडे पिवळसर हवे आहे, मला ओले काळपट.