चाळीस दिवस कोणी यायचं?

दोह्यात बाळ झालं की पहिला आठवडा घरात गर्दी असते. अकीक्याचं जेवण, भेटवस्तू, फोटो. आठव्या दिवसापासून दाराची बेल वाजत नाही. नवरा ड्युटीवर, अम्मीचा व्हिसा संपलेला नाहीतर अडकलेला, आणि मन्सुरातल्या दोन खोल्यांत एसीच्या घरघरीत बाळ आणि बाळंतीण. उन्हाळा असेल तर तान्ह्याला घेऊन खाली फेरी मारायचीही सोय नाही. कोकणातून आलेल्या आम्हा मुसलमान बायकांपैकी कितीतरी जणींचं पहिलं बाळंतपण असंच झालं. माझंही.

गावी, म्हसळ्याला, हे झालं नसतं. पहिलटकरीण माहेरी जाते. चाळीस दिवस घरात कोणी ना कोणी असतंच. एक हळिवाची खीर करते, दुसरी बाळाला तेल लावते, तिसरी नुसती बसून गावच्या गोष्टी सांगते. या तिसरीची किंमत मला इथं कळली.

कतारमध्ये दर दहा माणसांत सात पुरुष. खाला, फुफी, शेजारची काकू ही माणसं मुळातच कमी. त्यात मराठी बोलणारी मुसलमान बाई दोन्हीकडून सुटते. उर्दू किंवा मल्याळी बायकांच्या बैठकीत ती जरा परकी, आणि मराठी कार्यक्रमाला आपण गेलेलं चालेल का, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. बाळंतपणात नमाज माफ असते. ती सवलतच आहे, पण त्याबरोबर कुराणाच्या वर्गाला जाणं थांबतं आणि आठवड्यातून भेटणाऱ्या चार बायकाही दिसेनाशा होतात.

काही जणी म्हणतात, ईमान पक्कं असेल तर उदास कशाला व्हायचं? मला हे अजिबात पटत नाही. सूरह मरियम वाचा. खजुराच्या झाडाखाली एकटीनं कळा सोसताना हजरत मरियमनाही आपण आधीच मेलो असतो तर बरं, असं वाटलं. त्यांना कोणी बोल लावला नाही. धीर मिळाला, पाणी मिळालं, ताजे खजूर मिळाले.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात नुकत्याच बाळंत झालेल्या शंभर बायकांपैकी सुमारे १३ जणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. इथं उपचार आहेत. सिद्रा मेडिसिनमध्ये गरोदर आणि बाळंत बायकांसाठी मानसिक आरोग्याची वेगळी सेवा आहे, सरकारी मदतवाहिनी १६००० आहे. गरज पडली तर लाजू नये. पण माझ्या तपासणीत नर्सनं प्रश्न विचारले तेव्हा नवरा शेजारीच होता. मी सगळ्यांना 'ठीक आहे' म्हणून मोकळी झाले. रोज रडते, हे मी पहिल्यांदा सांगितलं ते खालच्या मजल्यावरच्या कोल्हापूरच्या वहिनींना. त्या भाकरी घेऊन आल्या होत्या. बाळ माझ्या हातातून घेतलं नि म्हणाल्या, "जा, डोक्यावरून पाणी घेऊन ये. मी बसलेय."

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सातव्या महिन्यातच चार-पाच जणींनी वार वाटून घ्यावेत आणि चाळीस दिवस रोज एकीनं दोन तास जाऊन बसावं. हिंदू-मुसलमान बघू नये, मराठी बोलता आलं म्हणजे झालं. बऱ्याच जणी गाडी चालवत नाहीत, तेव्हा नेण्या-आणण्याचं काम नवऱ्यांनी करावं. आणि गावाकडच्या मंडळींनो, व्हिडिओ कॉलवर "बाळ दाखव" म्हणण्याआधी तिला विचारा, जेवलीस का, झोपलीस का. कॅमेरा तिच्याकडे वळू द्या.

पुढच्या महिन्यात अल वकराला महाडची एक मुलगी बाळंत होणार आहे. रविवार आणि मंगळवार मी घेतलेत, सोमवार-बुधवार वहिनींनी. शुक्रवार-शनिवार तिचा नवरा घरी असतो. गुरुवारसाठी कोणीतरी हवंय.