ऊनोदरी : हृदयविकारानंतरचे रोजचे तप

माघ महिन्यात मध्यरात्री छातीत दुखू लागले, रुग्णालय गाठावे लागले, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला आणि काही दिवसांत शेठजी घरी परतले. पर्युषण जवळ आले तेव्हा त्यांनी घरात सांगून टाकले की यंदाही अठ्ठाई होणारच. वीस वर्षांचा नेम मोडायचा नाही. मुलाने औषधांचे काय, असे विचारताच उत्तर आले, "आठ दिवस गोळ्या घेतल्या नाहीत तर काय बिघडते?" पत्नी त्या वेळी काही बोलली नाही, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

हा प्रसंग एकाच घरातला नाही. श्रावण सरत आला की अनेक घरांत तो थोड्याफार फरकाने घडतो. एका बाजूला वर्षानुवर्षांची श्रद्धा, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांची चिठ्ठी, आणि मध्ये घाबरलेले घर. खरे पाहता या दोहोंत विरोध नाही. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशन पहिले असले तरी त्याच्या पाठोपाठ ऊनोदरी येते, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे. आणि पुढे रसपरित्यागही येतो. हृदयविकार झालेल्या माणसाला वैद्यकशास्त्र जे सांगते ते या दोन तपांच्या फार जवळचे आहे. फरक एवढाच की ते आठ दिवसांचे नसून रोजचे आहे.

स्टेंट बसला म्हणजे आजार गेला का?

पहिला गैरसमज येथेच असतो. स्टेंट धमनीतील एका ठिकाणचा अडथळा दूर करतो. बायपास शस्त्रक्रियेत रक्ताला नवी वाट करून दिली जाते. परंतु धमन्यांच्या भिंतीत चरबी साठण्याची क्रिया दोन्हींनी थांबत नाही. एका कुळाची उधारी वसूल झाली म्हणून पेढीचे सगळे येणे फिटले असे कोणताही व्यापारी मानत नाही. तसेच हे आहे. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि बैठे जीवन ही बाकीची उधारी तशीच राहते आणि तिचे व्याज चढत असते.

म्हणूनच गोळ्यांचे महत्त्व. झटक्यानंतर स्टेंट बसवलेल्या रुग्णाला रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर घ्याव्या लागतात. नेमका काळ डॉक्टर ठरवतात. या गोळ्या मध्येच बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो आणि तो पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो. "आठ दिवसांत काय बिघडते?" या प्रश्नाचे हे सरळ उत्तर आहे.

गादीवरचा मालक आणि शिडीवरचा नोकर

एकेकाळी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणावर पडून ठेवत. १९५२ साली सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तो मोठा धाडसी विचार वाटला होता. पुढे १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना क्रमाक्रमाने हिंडूफिरू दिले, आणि पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर दुसऱ्यांदा निवडून आले. आजारी हृदयालाही हालचाल हवी असते, ही गोष्ट तेव्हापासून लोकांच्या मनात रुजू लागली.

व्यापारी कुटुंबांनी मात्र त्याच काळातील एक ब्रिटिश अभ्यास विशेष ध्यानात ठेवावा. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी केली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटे देत जिना चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. कापडाच्या दुकानातही हेच दोघे भेटतात. गादीवर बसलेला मालक म्हणजे चालक, आणि शिडी चढून ताके काढणारा नोकर म्हणजे वाहक.

झटक्यानंतरचा व्यायाम मात्र डॉक्टरांच्या अनुमतीनेच सुरू करावा. गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला बहुधा सपाट जागी, दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटे चालण्यास सांगितले जाते. दर काही दिवसांनी त्यात दोन-चार मिनिटांची भर घालत महिना-दीड महिन्यात अर्ध्या तासापर्यंत पोहोचता येते. पुढे आठवड्याला एकूण १५० मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालणे हे ध्येय ठेवावे. वेग ओळखण्याची खूण सोपी आहे : चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलतानाही धाप लागली तर वेग कमी करावा. पहिली आणि शेवटची पाच मिनिटे संथ चालावे. जेवणानंतर लगेच, कडक उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत चालू नये.

काही श्रम वरवर साधे वाटतात. पण ते टाळावेत. दुकानाचे जड शटर झटक्याने वर करणे, गाठोडी उचलणे किंवा गोण्या सरकवणे यांत माणूस श्वास रोखतो आणि रक्तदाब एकदम चढतो. बायपास झाली असेल तर छातीचे हाड जुळून येण्यास दोन-तीन महिने लागतात. तोवर शटरची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. शत्रुंजयाच्या यात्रेची ओढ समजण्यासारखी आहे. परंतु साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या म्हणजे हृदयाची कठोर परीक्षा होय. ती देण्याआधी तपासणी करून डॉक्टरांची संमती घ्यावी. तोवर देरासरापर्यंत रोज पायी जाणे हीच यात्रा समजावी.

चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, घाम अथवा चक्कर जाणवल्यास तत्काळ थांबून बसावे. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिली असेल तर ती बसूनच घ्यावी. पाच मिनिटांत आराम न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

शाकाहार आहे, पण ताटात काय आहे?

"आम्ही तर शुद्ध शाकाहारी, मग हृदयविकार कसा?" हा प्रश्न रुग्णालयाच्या बाकावर नेहमी ऐकू येतो. शाकाहार हा उत्तम पाया आहे यात शंका नाही. डीन ऑर्निश यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हृदयरुग्णांना अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, चालणे, ध्यान आणि धूम्रपानत्याग असा कार्यक्रम दिला होता. वर्षभरानंतर त्यांपैकी बहुतेकांच्या धमन्यांतील अडथळे किंचित का होईना कमी झालेले दिसले. प्रयोग लहान होता आणि तो आहार फार कडक होता. त्यावरून गोळ्या सोडाव्यात असा अर्थ काढू नये. मात्र त्या शाकाहारात शेव-गाठी नव्हत्या, तुपात भिजलेली पुरणपोळी नव्हती, हे विसरून चालणार नाही.

जैन स्वयंपाकघराला याचे मोजमाप नवे नाही. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहा विगई घराघरात ठाऊक आहेत. हृदयरुग्णाच्या ताटात ज्यांवर लक्ष ठेवायचे ती यादी जवळजवळ हीच आहे. यांतील तळलेल्या पदार्थांचा त्याग कायमचा करावा. पुन्हापुन्हा तापवलेले तेल आणि वनस्पती तूप वर्ज्य मानावे. साजूक तुपातील निम्म्याहून अधिक भाग संपृक्त स्निग्धांशाचा असतो, म्हणून ते शक्ती येण्यासाठी वाटीने न वाढता चमच्याने मोजावे. दूध-दही साय काढलेले घ्यावे.

तेलाचा हिशेब किराण्याच्या वहीतच सापडतो. माणशी दिवसाला तीन चहाचे चमचे म्हणजे महिन्याला साधारण अर्धा लिटर. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर पथ्य कागदावरच आहे असे समजावे. हा हिशेब घरातील सर्वांसाठी ठेवावा. रुग्णासाठी वेगळी भाजी शिजू लागली की पथ्य फार दिवस टिकत नाही.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पापड, लोणचे, फरसाण आणि मसाल्याचे खाखरे यांतूनही मीठ पोटात जाते. पर्वतिथीला हिरव्या भाज्या वर्ज्य असल्या की ताटात नेमक्या याच वस्तू वाढतात, आणि अष्टमी-चतुर्दशीचे जेवण हृदयाला रोजच्यापेक्षा जड पडते. त्या दिवशी उकडलेले मूग, मटकी, तुरीचे पातळ वरण, ज्वारीची साधी भाकरी आणि जवसाची कमी मिठाची चटणी असा बेत करावा. सैंधव मिठाला पथ्याचे मीठ समजू नये; त्यातही मुख्यतः सोडियमच असते. पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचे मीठ मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर अपायकारक ठरू शकते. ते विचारूनच वापरावे.

आहारतज्ज्ञांच्या छापील कागदावर गाजर, बीट आणि लसूण पाहून काही घरे गोंधळतात. कंदमुळांवाचून काहीही अडत नाही. दुधी, दोडका, भेंडी, लाल भोपळा, टोमॅटो, ढोबळी मिरची, डाळी आणि फळे यांतून तंतुमय घटक व जीवनसत्त्वे पुरेशी मिळतात. मैद्याऐवजी ज्वारी, बाजरी किंवा कोंड्यासह गव्हाचे पीठ घ्यावे. नियमात बसेल त्या काळात मूठभर बदाम अथवा अक्रोड खावेत. तपकीर, मिस्री आणि गुटखा यांना मात्र कोणत्याही मोजमापात स्थान नाही.

एक गोष्ट घरातील स्त्रियांविषयी. त्यांच्या हृदयविकारात छातीत तीव्र कळ येतेच असे नाही. विलक्षण थकवा, धाप, मळमळ, पाठीत दुखणे एवढेच जाणवते आणि ते पित्तावर ढकलले जाते. घरच्या गृहिणीलाच हा आजार झाला तर पथ्य कोण रांधणार आणि तिच्या चालण्याचा अर्धा तास कोण राखणार, हे मुलांनी व सुनांनी आधीच ठरवावे.

नियम घ्यावेत, पण विचारून

चौविहार पाळणाऱ्यांचे रात्रीचे जेवण सूर्यास्तापूर्वी होते. पोट हलके ठेवून झोपणे हिताचेच आहे. गोळ्यांच्या वेळा मात्र डॉक्टरांना नियम सांगून बसवून घ्याव्यात. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या दिवसा केव्हाही चालतात. काही गोळ्यांना बारा तासांचे अंतर लागते. डॉक्टरांना न विचारता वेळ बदलू नये किंवा गोळी गाळू नये. निर्जळ उपवासात शरीरातील पाणी कमी होऊन रक्तदाब घसरू शकतो. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक रीतीने उतरते.

शेठजींच्या घरी अखेर तोडगा निघाला. मुलाने डॉक्टरांकडून सारे लिहून आणले आणि वडिलांसोबत उपाश्रयात जाऊन तो कागद महाराजसाहेबांपुढे ठेवला. महाराजसाहेबांनी शांतपणे आठवण करून दिली की पच्चक्खाणाला आगार असतात, आणि आजारपणात समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक त्यांत पूर्वीपासून आहे. त्यांनी अठ्ठाईऐवजी आठ दिवसांचे बियासणे दिले : दोन वेळचे बैठकीचे जेवण, दोन्ही वेळी गोळ्या, तळलेल्याचा त्याग, आणि चार घासांची भूक शिल्लक ठेवून उठणे. शेठजी पहिल्या दिवशी खिन्न होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कबूल केले की काहीच न खाण्यापेक्षा भरल्या ताटावरून उठणे कठीण आहे.

संवत्सरी झाली, सर्वांची क्षमा मागून झाली, पारण्याचा दिवस उजाडला. शेठजींना पारणे करायचे नव्हते. त्यांचे तप संपलेच नव्हते. ते नेहमीप्रमाणे पत्नीसह देरासराकडे पायी निघाले. वाटेत दोघे बोलत होती, आणि धाप लागत नव्हती.