प्रेमपत्रावर जेलरचा शिक्का

प्रेम म्हटलं की प्रस्थापितांच्या मासिकात चांदणं पडतं, मोगरा फुलतो. आज ज्या प्रेमाबद्दल लिहितोय त्याच्या नशिबी चांदणं नव्हतं, गज होते. गोदीत पेटीचा संशय आला की कस्टमवाला आधी ती फोडून बघतो. तसं इथं प्रेमाचं पाकीट आधी जेलर फोडायचा.

जॉर्ज जॅक्सन, कॅलिफोर्नियातला काळा पोरगा. विशीही गाठली नव्हती, तेव्हा पेट्रोल पंपावरच्या 70 डॉलरच्या चोरीत आत गेला. शिक्षा? एक वर्ष ते जन्मभर! म्हणजे कधी सोडायचं ते व्यवस्थेच्या मर्जीवर. तो आतच वाचत गेला, लढायला शिकला. ब्लॅक पँथरनं त्याला आपला फील्ड मार्शल म्हटलं. 1970 मध्ये त्याच्या पत्रांचं 'सोलेदाद ब्रदर' हे पुस्तक निघालं.

अँजेला डेव्हिस तत्त्वज्ञान शिकवणारी, कम्युनिस्ट. त्याच्या सुटकेच्या मोहिमेत उतरली. पत्रं सुरू झाली, पत्रांतून प्रेम.

7 ऑगस्ट 1970 ला जॉर्जचा 17 वर्षांचा भाऊ जोनाथन बंदुका घेऊन मरिन काउंटीच्या कोर्टात शिरला. चार माणसं मेली, त्यात तोही. बंदुका अँजेलाच्या नावावर होत्या. तीही आत गेली. मग पत्रं एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात. 21 ऑगस्ट 1971 ला सॅन क्वेंटिनमध्ये जॉर्ज गोळीनं मेला.

1972 मध्ये खटला उभा राहिला. सरकारी वकिलाचा मुद्दा काय? बाई प्रेमात वेडी झाली, म्हणून तिनं कट केला! जॉर्जच्या कोठडीत सापडलेलं तिचं लिखाण भर कोर्टात वाचून दाखवलं. अँजेलानं तिथंच सुनावलं, की ही पुरुषी मस्ती आहे. बाई विचारानं लढते हे यांच्या डोक्यात शिरतच नाही. 4 जूनला सगळ्या गोऱ्या ज्युरीनं तिला निर्दोष सोडलं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. ही पत्रं नुसती हुंदक्यांची नव्हती. काळ्या बाईबद्दल काळ्या पुरुषाच्या डोक्यात जे जळमट होतं त्यावरही त्यांत बोलणं झालं. त्यातूनच अँजेलानं तुरुंगात बसून गुलामगिरीतल्या काळ्या बाईवर निबंध लिहिला, 1971 मध्ये. प्रेम केलं, पण आरती ओवाळली नाही.

त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर जन्मली, त्या काळ्या पँथरवरून नाव घेऊन. नाव घेतलंत, तर हेही घ्या.

आपल्याकडं 2022 च्या अखेरीला तुरुंगातल्या दर चार माणसांत तीन कच्चे कैदी होते. गुन्हा शाबीत नाही, तरी आत. त्यांना पत्रं लिहिणाऱ्या पोरी आपल्याच वस्त्यांत आहेत. शेजारीपाजारी त्यांना येडी म्हणतात, सरकारी वकिलाचीच भाषा बोलतात. अन् आपलेच काही भाऊ आतून हुकूम सोडतात: वाट बघ, बाहेर फिरू नकोस, दुसऱ्याशी बोलू नकोस. अरे, तुझ्यावर एक जेलर बसलाय तो पुरे नाही? तू तिच्यावर दुसरा बसवतोस?

पोरींनो, लिहायचं तर खुशाल लिहा. पण त्याला देव करू नका. चुकला तर पत्रातच भांडा. भांडणही जेलर वाचेल. वाचू दे. दोन माणसं बरोबरीनं कशी बोलतात, ते त्यालाही कळू दे.