नळी घालण्यापूर्वी दोन प्रश्न

घरातील वृद्ध व्यक्तीस नाकातून पोटात नळी घालावयाची असली, लघवीची नळी बदलावयाची असली, की आपण प्रथम फॅमिली डॉक्टरांकडेच पाहतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु या एका नावाखाली निरनिराळे शिक्षण असते, हे ध्यानी असू द्यावे. एमबीबीएसनंतर 1 वर्षाची इंटर्नशिप केलेले, फॅमिली मेडिसिनचा 3 वर्षांचा डीएनबी अभ्यासक्रम पूर्ण केलेले, आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर, या साऱ्यांना मिळालेला सराव सारखा नसतो. प्रदेशाचाही फरक पडतो. कॅनडाच्या दुर्गम भागात जादा प्रशिक्षण घेतलेले फॅमिली डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी भूलही देतात; मोठ्या शहरात तज्ज्ञ जवळच असल्याने ते काम त्यांच्या वाट्यास क्वचितच येते. न केलेले काम हात विसरतो!

तेव्हा पदवी तर जाणून घ्यावीच, पण नम्रपणे हेही विचारावे : “डॉक्टरसाहेब, हे आपण अलीकडे किती वेळा केले आहे? अडचण आल्यास कोठे न्यावयाचे?” चांगले डॉक्टर याने रागावत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. ती स्वतःहून बंद करू नये.

नाकातील नळीबाबत विशेष जपावे. नळीतून हवा सोडून पोटावर आवाज ऐकणे पुरेसे नाही. नळी फुप्फुसात गेली असली तरी तसा आवाज येऊ शकतो. नळीतून ओढलेल्या स्रावाची आम्लता तपासावी लागते, आणि तीवरून खात्री न पटल्यास एक्स-रे. तोवर पेज, दूध, औषध, पाण्याचा घोटदेखील नळीतून सोडू देऊ नये.