हौसेचे पाणी आणि खालची वस्ती

माजरीच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या बांधवांना पाण्याचे भय आम्ही काय सांगावे? पण मौजेसाठी अडवलेले पाणीही जीव घेते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात श्रीमंतांच्या एका क्लबाचा खासगी तलाव होता. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. बग्ग्या जाव्यात म्हणून पाळीची उंची कमी केली. पाणी सोडायचे नळ आधीच निघाले होते, ते पुन्हा घातले नाहीत. 31 मे 1889 रोजी मुसळधार पावसात पाळ फुटली. खालच्या जॉन्सटाऊन या पोलाद कामगारांच्या गावात व आसपास 2,209 माणसे मेली. कोर्टाने क्लबाला जबाबदार धरले नाही.

आपल्याकडे चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण तर सरकारी. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले आणि वीसच्या वर माणसे गेली.

2021 मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला. तो 15 मीटरहून उंच, आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरच्या धरणांना लागू आहे. हौसेच्या तलावाची ठेंगणी पाळ त्यात बसत नाही. तेव्हा बंधू-भगिनींनो, डोळे आपणच उघडे ठेवू.

पावसाळ्याआधी चार जणांनी मिळून पाहावे. सांडवा मोकळा आहे का? पाळीवर झाडे, घुशींची बिळे आहेत का? पाझर गढूळ असेल तर पाळीची माती आतून वाहते आहे, असे समजावे. ग्रामपंचायतीला व तहसीलदारांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. भर पावसात गढूळ पाझर दिसला, तर मात्र अर्जाच्या उत्तराची वाट पाहू नये. लेकरे-म्हातारे घेऊन आधी उंचावर जावे.