काहिलींतील रसायनशास्त्र

विज्ञानशाखेच्या पहिल्या वर्षांत गेलेल्या मुलाचा सेंद्रिय रसायनशास्त्राचा अभ्यास चालला आहे, हें शेजारच्या घरींही ऐकूं येतें. कारण तो अभ्यास नसून घोकंपट्टी असते. संयुगांचीं नांवें, क्रियांचे क्रम, जीवरसायनशास्त्रांतील चक्रें, सारें मुखोद्गत करावयाचें आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं गंगार्पण करावयाचें, असा शिरस्ता पडला आहे. पालकांना त्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. हा विषय म्हणजे नोकरीच्या किंवा वैद्यकाच्या वाटेवरील जकातनाका. जकात भरावी आणि पुढें जावें, अशी त्यांची समजूत. ही समजूत शास्त्राचा अपमान करणारी तर आहेच, पण कोल्हापुरांत ती हास्यास्पदही आहे.

हास्यास्पद अशासाठीं कीं, या विषयाची उत्तम प्रयोगशाळा शहराबाहेर दर हंगामांत धूर सोडीत उभी असते. गुऱ्हाळांत गुळव्या रसांत चुना कां टाकतो? मळी वर यावी म्हणून, एवढें कोणीही सांगेल. परंतु इक्षुशर्करेचा रेणू हा द्राक्षशर्करा आणि फलशर्करा यांच्या जोडणीनें झालेला असतो. रसांतील आम्लानें व उष्णतेनें ती जोडणी तुटते. चुना त्या आम्लाचें शमन करतो. आणि जोडणी फार तुटली तर गुळाचा रवा नीट धरत नाहीं, ओल शोषून पाघळतो. चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो, म्हणून गुळव्याचा हात बेतानें चालतो. तोडून ठेवलेला ऊस शिळा झाला कीं हीच मोडतोड उसांतील एन्झाइम विस्तवावांचून करतें. एकाच रेणूची एकच मोड; काहिलींत झाली तर सेंद्रिय रसायनशास्त्र, उसाच्या कांड्यांत झाली तर जीवरसायनशास्त्र!

या दोहोंमधील भिंत शास्त्रज्ञांनीं केव्हांच पाडली आहे. १८२८ सालीं व्होलर यानें मूत्रांतील यूरिया सजीवाच्या साहाय्यावांचून तयार केला. १८९७ सालीं बुखनर यानें यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या निर्जीव रसानें साखर आंबवून दाखविली. ती भिंत आम्हीं मात्र दोन वह्यांच्या रूपानें पुन्हां बांधली आहे. याचा परिणाम काय? गुळव्याचाच मुलगा वर्गांत बसलेला असतो. पण बापाच्या चुन्याचा आणि आपल्या वहीचा कांहीं संबंध आहे, हें त्याला कळत नाहीं. बापाचा धंदा अडाण्याचा आणि वही शहाण्याची, एवढेंच तो शिकतो.

गुळाच्या गोष्टींनीं विषय पातळ होईल, असा आक्षेप कोणी घेतील. त्यांनीं विद्यार्थ्यास ताज्या आणि शिळ्या उसाच्या रसाची फेलिंगच्या द्रावणानें तुलना करावयास सांगावें. इक्षुशर्करा त्या द्रावणास दाद देत नाहीं, तिचे तुटलेले दोन्ही भाग देतात. तेव्हां तांबडा साका कोणत्या रसांत अधिक पडेल आणि कां, याचें उत्तर रेणूची रचना समजल्याखेरीज देतांच येणार नाहीं. घोकणाऱ्यास येथें एक पाऊलही टाकतां येत नाहीं.

आणि जकातनाक्याची समजूत बाळगणाऱ्यांनीं कमला सोहोनी यांचें चरित्र आठवावें. १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत, केवळ स्त्री म्हणून, त्यांस प्रथम प्रवेश नाकारण्यांत आला. तो त्यांनीं आग्रहानें मिळविला, १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट जीवरसायनशास्त्रांत घेतली, आणि पुढें मुंबईस अभ्यास केला तो कशाचा? नीरेचा आणि कडधान्यांचा. गरिबाच्या पोटांत जाणाऱ्या वस्तूंचा. त्यांना हें शास्त्र दुसऱ्या कशाची पायरी वाटलें नाहीं.

ज्या शहरांत १८८० सालापासून राजाराम कॉलेज आणि १९६२ सालापासून शिवाजी विद्यापीठ आहे, तेथील मुलास गूळ खातां यावा पण गुळाचें रसायन उलगडतां येऊं नये, ही नामुष्की आधीं आम्हां पालकांची आहे. प्राध्यापकांनीं हंगामांतील एक दिवस वर्ग गुऱ्हाळावर न्यावा. आणि पालकांनीं, मुलगा किंवा मुलगी घरीं परतल्यावर, किती गुण पडले हें न विचारतां एवढेंच विचारावें, 'रसांत चुना कां टाकतात?'